बाजेखालची एसटी: दोन ते सहा वर्षांच्या लेकरांना मोबाइलशिवाय खेळतं कसं करावं

‘फोन दिला नाही तर लेकरू जेवतच नाही’ हे वाक्य लातूरच्या फ्लॅटमध्ये ऐकू येतं आणि केजजवळच्या शेतवस्तीवरही. त्यावर सल्ला एकच मिळतो, फोन काढून घ्या. फोन काढून घेणं काही अवघड नाही. अवघड असतात त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं. लेकरू रडतं, पायाला लोंबकळतं, ‘आता मी काय करू’ म्हणून भंडावून सोडतं, इकडे तव्यावरची भाकर करपायला लागते आणि शेवटी फोन परत हातात जातो. ही पंधरा-वीस मिनिटं कशी निभवायची आणि त्यातून खेळ कसा उभा करायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

नियम आधी सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार एक वर्षाच्या आत मोबाइल-टीव्हीचा पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास हेच आहे. दोन वर्षांखाली नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा त्यांनी वगळला आहे.

आता खेळाविषयी. इथं बोलायचंय ते लेकरं ‘खोटं-खोटं’ म्हणतात त्या खेळाबद्दल. साधारण सव्वा-दीड वर्षाचं लेकरू रिकाम्या पेल्यातून पाणी प्यायल्याचं सोंग करतं, तिथं तो सुरू होतो. दोनच्या आसपास ते बाहुलीला घास भरवतं. तिसऱ्या वर्षात काठीचा घोडा होतो, चपलेचा फोन होतो. चारपर्यंत ‘मी डॉक्टर, तू पेशंट’ अशी वाटणी होते, आणि पाच-सहाची पोरं खेळापेक्षा खेळ ठरवण्यातच जास्त वेळ घालवतात. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३० च्या दशकात या काठीच्या घोड्यावरच बोट ठेवलं होतं. समोर दिसतेय काठी आणि मनात आहे घोडा, म्हणजे वस्तूपासून अर्थ सुटा करायला लेकरू शिकतंय. पुढं अक्षर वाचताना हीच करामत लागते. दुसरी गोष्ट म्हणजे खेळात नियम असतात. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारं पोर पेशंट झालं की डोळे मिटून निपचित पडून राहतं.

फोन नेमका कधी दिला जातो ते आधी बघा

तीन-चार दिवस नुसतं बघा आणि कागदावर टिपून ठेवा. बहुतेक घरांत चार वेळा निघतात: जेवताना, संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी, पाहुणे आल्यावर किंवा प्रवासात, आणि झोपताना. चारही एकदम बंद करायला गेलात तर दुसऱ्या दिवशीच हार मानाल. एक वेळ निवडा. माझं मत विचाराल तर संध्याकाळच्या स्वयंपाकाची. तेव्हा मोठं माणूस जागेवर असतं, हाताशी भांडी असतात, पीठ असतं. भाकरीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा आणि एक ताटली दिली की अर्धं काम होतं, फक्त चुलीपासून किंवा गॅसपासून हातभर लांब बसवा. जेवणाची वेळ सगळ्यात शेवटी हाताळा. तिथं भूक, आग्रह आणि ‘वाळलंय माझं लेकरू’ ही आजीची काळजी असा वेगळाच गुंता असतो.

निवडलेल्या वेळेत घरातले सगळे फोन उंच फळीवर ठेवायचे. लेकराला फोन नाही आणि बाप पलंगावर लोळून रील बघतोय, हे कुठल्याच घरात टिकत नाही.

एक अपवाद मात्र करावा लागतो. दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिवकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला जातात आणि काही घरांत लहान लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात. त्यांना आई दिसते ती फोनमध्येच. तो फोन काढून घ्या असं कुणी सांगू नये. बोलणं पोटभर होऊ द्या, आणि झाल्यावर लगेच आजीनं विचारावं, ‘आई काय करत होती? आपण करून बघू का?’ मग पोर खोटी कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, बांधतं, खोट्या मोळ्या बांधतं, खोटी गाडी भरतं. आईच्या आठवणीचं काहीतरी करायला त्याला वाट मिळते.

खोका भरा, पण दुकानातून नको

तेलाच्या पाकिटांचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका किराणा दुकानात मिळतो. त्यात काय घालायचं? करवंट्या, झाकणाचे डबे, जुनी चाळणी, लाकडी पळी, कपड्यांचे चिमटे, सुतळी, आईची जुनी ओढणी, आजीच्या लुगड्याचा तुकडा, आजोबांची टोपी, काचा काढलेला चष्मा. लग्नपत्रिका तर साठवूनच ठेवा. एका लग्नसराईत जमलेल्या पत्रिकांतून वर्षभराची तिकिटं, नोटा, औषधाच्या चिठ्ठ्या आणि पत्त्यांचा बंगला निघतो.

वस्तू निवडताना एकच कसोटी लावा: हिचं आणखी काय काय होऊ शकतं? बॅटरीवरची मोटार बटण दाबलं की आवाज करत पळते, लेकरानं फक्त बघायचं. करवंटी मात्र वाटी होते, टोपी होते, तराजूचं पारडं होतं, उपडी ठेवली की कासव होते. विकतची खेळणी फेकू नका, पण निम्मी माळ्यावर टाका आणि आठ-दहा दिवसांनी अदलाबदल करा. समोर ढीग असला की लेकरू एकाशीही धड खेळत नाही.

गावात राहत असाल तर खोका आणखी भरगच्च होतो. वाळलेल्या ज्वारीच्या धाटाची बैलगाडी आपल्या मागच्या पिढीतल्या बहुतेकांना येते. धाटाची वरची साल पट्ट्या काढून सोलायची, आतला पांढरा हलका गाभा कापून चाकं, दांडी आणि बैल करायचे, आणि सालीच्या बारीक काड्या टोचून सगळं जोडायचं. सालीची धार ब्लेडसारखी कापते, तेव्हा सोलण्याचं काम मोठ्यांचं, टोचण्याचं लेकराचं. हे काम आजोबांकडे द्या. मी पाहिलंय, फोनवर बातम्या बघत बसणारा म्हातारा धाट हातात आलं की फोन विसरतो.

काळ्या मातीचाही उपयोग आहे. पोळ्याला आपण बैल करतोच, बाकी वर्षभर माती विसरतो. माती चाळून, खडे-काड्या काढून रात्रभर भिजवा. आपली काळी माती वाळताना फार आकसते, म्हणून नुसत्या मातीच्या बैलाला तडे जातात आणि शिंगं गळून पडतात. थोडी बारीक वाळू आणि पिंजलेल्या कापसाचे तंतू मिसळून मळा, आणि वस्तू उन्हात न ठेवता सावलीत वाळवा.

पाण्याचा खेळ म्हटलं की आपल्याकडे घरातली माणसं दचकतात, आणि त्यांचं चूक नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. बादलीभर पाणी द्यायची गरजच नाही. परातीत एक तांब्या पाणी, दोन वाट्या, एक गाळणी आणि भोक पाडलेली बाटली एवढ्यावर तीन वर्षांचं लेकरू अर्धा तास सहज रमतं. नंतर ते पाणी तुळशीला घालायचं कामही त्यालाच द्या.

जागा

घर एका खोलीचं असलं तरी चालतं. बाजेखाली, पलंगाखाली, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या बाजेच्या मागे किंवा दोन खुर्च्यांवर टाकलेल्या साडीखाली लेकराला आपली हद्द मिळाली की पुरे. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी कोणीच खेळत नसतं. तेव्हा सकाळी दहाच्या आत आणि ऊन उतरल्यावर ओट्यावर किंवा गच्चीत, असं वेळापत्रक ठेवा. भर दुपारी फरशीवर ओलं फडकं पसरून त्यावर आडवं पडून गोष्ट सांगावी.

जागेचा नियम एकच: मांडलेला खेळ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी आवरायचा नाही. पाहुणे येणार आहेत म्हणून झाडून काढलेला खेळ लेकरू पुन्हा पहिल्यापासून मांडत नाही, सरळ फोन मागतं.

खेळ सुरू कसा करायचा

सगळी गंमत आणि सगळी फसगत याच टप्प्यावर होते. ‘जा, खेळ जा’ म्हटल्यानं लेकरू खेळत नाही. ‘चला, आपण बस-बस खेळू, तू ड्रायव्हर हो’ म्हटल्यानंही फार तर पाच मिनिटं खेळतं, कारण तो खेळ तुमचा असतो. त्याऐवजी तुम्हीच काहीतरी करायला लागा, लेकराकडं न बघता. लसूण सोलता सोलता हाक द्या:

‘अंबाजोगाई, अंबाजोगाईऽऽ! चला, कोण ऱ्हायलं का अंबाजोगाई?’

आणि गप्प बसा. ही गप्प बसण्याची जागाच आपल्याला जमत नाही. मनातल्या मनात दहा अंक मोजा. लेकरू जवळ आलं, बाजेखाली शिरलं, की एवढंच विचारा, ‘कुठं जायचं, मावशी?’

‘आजीकडं.’

‘आजीच्या गावात गाडी जात नाही. फाट्यावर उतरावं लागंल. सोबत सामान किती?’

इथं तुम्ही खेळात एक अडचण टाकली. अडचण टाकायची, उत्तर नाही. ते म्हणेल, ‘मग बसला पंख लावू.’ लावा. ‘बसला कुठं पंख असतात का, वेड्या’ म्हणालात की संपलं. तसंच, खेळ रंगात आला की आपल्यातला मास्तर जागा होतो: ‘किती तिकिटं झाली? मोज बरं. हा कोणता रंग?’ परीक्षा सुरू झाल्याचं लेकराला लगेच कळतं आणि ते खेळातून बाहेर येतं. मोजणं यायचं असेल तर तिकिटं फाडताना आपोआप येतं. आणखी एक मोह व्हिडिओ काढण्याचा. स्टेटसला ठेवायला म्हणून फोन बाहेर काढला, की ज्याच्यापासून सुटका करायची तोच खेळाच्या मधोमध येऊन बसतो, आणि लेकरू खेळायचं सोडून कॅमेऱ्याकडे बघत नाचायला लागतं.

दोन-चार मिनिटांनी तुम्ही बाहेर पडा, पण खेळातूनच. ‘माझा थांबा आला, मी उतरते. रामराम कंडक्टर!’ असं म्हणून भाकरीकडं वळलात तर बस पुढं चालत राहते. ‘आता मला काम आहे, तू खेळ’ म्हणालात तर बस तिथंच बंद पडते. खेळ थांबवायचाही असाच. ‘बास झालं, जेवायला ये’ ऐवजी ‘शेवटची गाडी डेपोत लावा, डायवर जेवायचे ऱ्हायलेत’ म्हणून बघा.

पहिल्या काही दिवसांत लेकरू काहीच न करता बसून राहील, कुरकुरेल. त्याला काहीतरी करायला देण्याची घाई करू नका. त्याच्याजवळच बसून तुमचं काम करा. तुरीच्या शेंगा सोलत असाल तर चार शेंगा त्याच्यापुढं टाका. थोड्या वेळानं शेंगांची नाव झालेली असेल किंवा दाण्यांचं लग्न लागलेलं असेल.

चालणारे काही खेळ

एसटीचं आधीच आलं. तिला लागतं तरी काय: ताटलीचं स्टीअरिंग, सुतळीची घंटी, पत्रिकांची तिकिटं. एका घंटीला थांबायचं, दोन घंट्यांना सुटायचं, हे एकदा सांगितलं की भावंडांत कामं वाटली जातात. सुट्टे नसलेला प्रवासी, कोंबडी घेऊन चढलेली बाई, पंक्चर, घाटात बंद पडलेलं इंजिन, अशी पात्रं आणि प्रसंग ती स्वतःच काढतात.

आठवडी बाजाराचा खेळ बाजारातून आल्या दिवशीच मांडायचा, आठवण ताजी असते. दोन करवंट्या, एक काठी आणि सुतळी एवढ्यात तराजू होतो. घासाघीस करायला आजीला बसवा, तिच्याइतकं कसलेलं गिऱ्हाईक मिळणार नाही.

दवाखान्याचा खेळ लेकरं सुई टोचून आल्यावर हटकून खेळतात. बाहुलीला दहा-दहा इंजेक्शनं देतात, जोरात देतात. ‘असं दुखवू नये’ म्हणून अडवू नका. झालेली भीती ती अशी बाहेर काढतात.

लातूर, धाराशिव भागात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याची कोप करतात, आंबील-भज्जी होते. त्यानंतर पुढचा महिनाभर घरातल्या लेकरांना कोपीचाच खेळ द्या. पोत्याची कोप, कोपीत पुजतात तसे पाच खड्यांचे पांडव, खोटे उंडे, खोटं निमंत्रण. शहरातल्या फ्लॅटमध्येही चादरीची कोप बेडरूममध्ये उभी राहते. महालक्ष्म्या झाल्या की मुखवट्यांचा खेळ निघतो, मग लेकराला ओढणीचा एक तुकडा तेवढा काढून द्या.

आणि सोंगं. पैठणच्या एकनाथांनी भारुडं रचली ती सोंगं घेऊनच सादर करायची, आणि बहुरूपी तर दारावर यायचा. सोंग घेणं आपल्या मातीत आहे. टोपी, काठी आणि कोळशाच्या मिशा दिल्या की सहा वर्षांचा पोरगा घरभर पोलीस पाटील होऊन फिरतो.

झोपतानाचा फोन घालवायला गोष्टच लागते. ती पूर्ण सांगू नका. ‘आणि कोल्ह्यानं दार वाजवलं’ इथं थांबा, म्हणा, ‘पुढचं उद्या तू सांग.’ सकाळी उठल्यावर बाजेखाली कोल्हा आलेला असतो.

मध्ये येणाऱ्या अडचणी

भांडणं होणारच. ‘मी पण डॉक्टर’ यावर लगेच निवाडा द्यायला धावू नका. मारामारीची वेळ आली तरच उठा, नाहीतर दोन डॉक्टरांचा दवाखाना निघतो. पोरगा भातुकली खेळतो म्हणून हसणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्या आणि विषय बदला. मनातला मित्र किंवा मैत्रीण, जिच्यासाठी वेगळी ताटली मांडावी लागते, तिची काळजी नको. या वयात ते नेहमीचं आहे.

‘नुसतं खेळतंय, अभ्यास कधी करणार?’ याला उत्तर मात्र द्यावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा ठरवला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एनसीईआरटीनं याच वयासाठी ‘जादुई पिटारा’ नावाचा खेळ-साहित्याचा संच काढला. त्यात बाहुल्या आहेत, कोडी आहेत, खेळणी आहेत. म्हणजे तुमचा तेलाचा खोका सरकारी धोरणाच्या फार लांब नाही.

जिथं डोळ्यात तेल घालून राहायचं

तीन वर्षांखालच्या लेकराच्या हातात चिंचोके, शेंगदाणे, मणी, नाणी देऊ नका. घशात अडकतात. रिमोटमधल्या बटणासारख्या बॅटऱ्या तर पोटात गेल्या तर जाळतात, तसं झालं तर तडक दवाखाना गाठा. बिया गोळा करण्याचा नाद चांगला, पण गुंज, एरंड, धोत्रा आणि बांधावरच्या मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी आपण लहानपणी खेळलो असलो तरी ती विषारीच.

फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी खेळात नको. धान्यात टाकायच्या गोळ्या ठेवल्या असतील त्या खोलीत लपाछपी नको, आणि कोठी, पत्र्याची पेटी, बंद पडलेला फ्रीज यांत लपू देऊ नका, आतून झाकण उघडत नाही. हौद झाकलेला असावा. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, तिथं एकट्या लेकराला पाठवूच नये.

कधी दाखवून घ्यावं

दीड वर्षाचं लेकरू बोटानं काही दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, किंवा तिसरं संपत आलं तरी खोटं-खोटं अजिबात खेळत नसेल, तर ‘मोबाइलमुळं झालं, बंद केला की होईल नीट’ म्हणून वाट बघत बसू नका. मोबाइल बंद कराच, पण बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतात आणि गरज असेल तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथक कधी येणार ते अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा, त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, आणि तुम्ही घरी काय पाहिलंय ते एका कागदावर लिहून सोबत न्या.